काका, पट्टा कुठे बांधता?

गुदाशयाच्या कर्करोगासाठी कायमची कोलोस्टॉमी, म्हणजे आतड्याचं तोंड पोटावर आणून तिथे पिशवी लावायचं ठरलं, तेव्हा डॉक्टरांना मी फार समजूतदार प्रश्न विचारले. मनात मात्र एकच घोळत होता: शर्ट खोचता येईल ना?

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी स्टोमा सिस्टर मार्कर घेऊन आल्या. ‘काका, पट्टा कुठे बांधता?’ प्रश्न वाटतो तेवढा साधा नाही. मराठी मध्यमवर्गीय पुरुषाचं पोट पन्नाशीनंतर सुटतं. पण पँटचं माप वाढवणं म्हणजे कुळाला बट्टा, म्हणून तो पट्टाच पोटाखाली उतरवतो आणि ‘अजून चौतीसच लागते’ म्हणून मिरवतो. मीही ऐटीत म्हणालो, ‘कमरेवर.’ सिस्टरनी मला उभं केलं, बसवलं, वाकवलं. पिशवीची प्लेट सपाट कातडीवरच बसायला हवी. वळीत किंवा पट्ट्याखाली आली की गळती ठरलेली. शिवाय स्टोमा, म्हणजे पोटावरचं ते तोंड, ज्याचं त्याला दिसायला हवं. ‘खाली बघा. खूण दिसते?’ मला पोट दिसलं. त्यांनी ती पुसून बेंबीच्या वर, डावीकडे नवी काढली. चौतीस इंचांचा दावा असा फेटाळला गेला, तोही शिकाऊ डॉक्टरांच्या घोळक्यासमोर.

ऑपरेशनमध्ये माझा सहभाग झोपण्यापुरताच. जाग आली तर पोटावर लालबुंद, ओलसर गोंडा. हात लावला तरी दुखत नाही, आणि गप्प बस म्हटलं तर ऐकत नाही.

सुरुवातीचे काही आठवडे स्टोमा आकसत जातो, म्हणून माप पुन्हापुन्हा घ्यावं लागतं. ते काम हिने घेतलं. चष्मा नाकावर, हातात बाकदार कात्री, प्लेटवर पेन्सिलीचा गोल. मिलिमीटरभरही जास्त कापायचं नाही, नाहीतर कातडी सोलवटते. चिकटणाऱ्या पिशवीची कल्पना 1954 साली एलिसे सोरेन्सन या डॅनिश नर्सला सुचली, कारण तिची बहीण थोरा स्टोमानंतर घराबाहेर पडायला घाबरायची. हे हिला वाचून दाखवलं, तर म्हणाली, ‘हलू नका.’

बाहेर पडायला थोराइतका मी घाबरत नाही, चिडतो. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करायची, आणि आपल्या सार्वजनिक स्वच्छतागृहांत खुंटी नाही, कचऱ्याची पेटी नाही, नळाला पाणी येईलच असं नाही. एक खुंटी ठोकायला असा काय खर्च येतो हो? परवा एका बसस्थानकात पिशवी एका हातात, पाण्याचा मग दुसऱ्या हातात आणि शर्टाचं टोक दातांत धरून उभा होतो. बाहेरून कोणीतरी दार बडवलं, ‘कोण आहे आत?’

तोंडात शर्ट. उत्तर पोटाने दिलं.