सूर लागला, हजेरी नाही

महाविद्यालयांना गाणारी मुलं फार प्रिय. युवा महोत्सवात बक्षीस मिळालं की करंडक प्राचार्यांच्या केबिनमध्ये जातो, फोटो माहितीपत्रकात जातो आणि गाणारीचं नाव ७५ टक्के हजेरी न भरलेल्यांच्या यादीत.

घरचा ठेका आणखी निराळा. दहावीपर्यंत गाणं हा 'संस्कार' असतो, कारण शास्त्रीय गायनाच्या परीक्षांचे वाढीव गुण मिळतात. अकरावीत पाऊल पडताच त्याच संस्काराचा 'टाइमपास' होतो. मग दाखले सुरू. प्रभाताई अत्रे विज्ञान आणि कायदा शिकल्या, अश्विनीताई भिडे-देशपांडे यांनी जीवरसायनशास्त्रात डॉक्टरेट केली, तर तूही आधी तेवढं कर, मग खुशाल गा! प्रभाताई शिकत असतानाच सुरेशबाबू मान्यांकडे आणि अश्विनीताई आई माणिकताईंकडे तालीम घेत होत्या, हा तपशील तेवढा सोयीस्करपणे गाळला जातो. (गळ्याला एटीकेटी नसते, हे कुणी सांगावं?)

निरोप समारंभात मात्र हजेरीवाले सरच पहिल्या रांगेतून फर्माईश करतात, 'एखादं नाट्यगीत होऊ दे!' राहिलेल्या प्रॅक्टिकलचं विचारलं, तर म्हणतात, आधी भैरवी घे, मग बघू.