कचरा आलाय!

मीरा रोड स्टेशनबाहेर, गोल्डन नेस्टच्या चौकात किंवा काशिमीऱ्याच्या सिग्नलला दुचाकी आचके देत बंद पडली, की मेकॅनिकच्या आधी एक काका हजर होतात. अंगात बर्मुडा, हातात दुधाची पिशवी. गाडीभोवती एक फेरी मारून, टायरला चपलेनं टोचून ते निकाल देतात, "कचरा आलाय."

कुठे आलाय, हे विचारायचं नसतं.

काकांनी उभ्या जन्मात इंजिन उघडलेलं नाही. नोकरी हिशेब खात्यातली. पण नंबर लावून, वर्षानुवर्षं वाट पाहून मिळालेली चेतक त्यांनी वापरली. बंद पडली की आडवी कलती करायची आणि किक मारायची. चढावर ओढेनाशी झाली की सायलेन्सरमधला कार्बन जाळून घ्यायचा. टू-स्ट्रोकच्या जमान्यात हे अगदी बरोबर होतं, आणि घोटाळा तोच झाला. १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचा बीएस-६ नियम आला, नव्या गाड्यांतून कार्ब्युरेटर जवळजवळ हद्दपार झाला. काकांनी चार दिवस सुतक पाळलं. हल्ली नव्या गाडीकडे बघून म्हणतात, "सेन्सरमध्ये कचरा आलाय."

त्यांचं सगळं निदान उभ्या गाडीवर चालतं. पण पूर्ण थ्रॉटलला दम सोडणारं इंजिन उभ्यानं फार शहाण्यासारखं वागतं. कार्ब्युरेटरमध्ये आयडलला बारीक जेट पेट्रोल पुरवतो, मधल्या टप्प्यात सुई सांभाळून घेते. मुख्य जेटवर खरी वेळ येते ती शेवटच्या टप्प्यात. तेव्हा पेट्रोल सगळ्यात जास्त लागतं, आणि अर्धवट तुंबलेली वाट उघडी पडते. मीरा-भाईंदरात हा रोग कळायचा तरी कसा? मिठागरांशेजारची सपाटी, वर मेट्रोचे खांब, खाली रिक्षा. पूर्ण मूठ पिळायला मिळते कुठे? गाडीचं बिंग फुटतं ते घोडबंदर रोडला, गायमुखच्या चढावर. तिथे काका नसतात.

नागावच्या किनाऱ्यावर मात्र ते होते. सोसायटीची सहल. वाळूतून फिरवायच्या एटीव्हीपैकी एक पूर्ण थ्रॉटलला भुसभुसून बसत होती. काका पुढे सरसावले आणि मूठ पिळू लागले. मूठ काही फिरेना.

"जाम झालीय. कचरा."

"काका, हिचा थ्रॉटल अंगठ्यानं दाबायचा असतो," गाडीवाला पोरगा म्हणाला.

मग पोरानं स्वतःच गाडी पळवून बघितली. सुटताना झकास, जरा दूर गेली की मरगळ. चोक अर्धा ओढला तर थोडी सुधारली. म्हणजे हवा ठीक, पेट्रोलच कमी पडतंय. एअर फिल्टर तुंबला असता तर चोकनं उलट जास्तच गुदमरली असती. "प्लग बदल," काका म्हणाले. "क्लच प्लेट बघ. बेल्ट घसरत असेल." पोरानं काही न बोलता टाकीचं झाकण सैल केलं. फुस्स करून हवा आत गेली. झाकणातलं हवेचं भोक वाळूनं बुजलं होतं. पेट्रोल खाली उतरेल तशी वरून हवा आत यायला हवी, ती येत नव्हती. टाचणीनं भोक मोकळं केलं, गाडी सुसाट.

काकांनी सगळ्या सोसायटीकडे वळून पाहिलं. "काय म्हणालो होतो मी?"

आणि पंचाईत अशी, की वाळू म्हणजे कचराच.

तेव्हा मीरा रोडला तुमची जुनी, कार्ब्युरेटरवाली गाडी दम सोडायला लागली, तर आधी टाकीचं झाकण सैल करून बघा, मग चोक अर्धा ओढून बघा. दोन्ही कामं काका दूध घेऊन यायच्या आत उरका. नाहीतर गाडी तुमची दुरुस्त होईल आणि नाव त्यांचं.