लातुरात ब्रुअरी काढा

पुण्या-मुंबईच्या मायक्रोब्रुअरीत 'फ्रेंड्स' मालिकेच्या नावाने प्रश्नमंजूषा रंगते. पुढ्यात बिअर आणि रॉसचं हे कितवं लग्न यावर हमरीतुमरी. लातूर-नांदेडला याचं काय कौतुक? १९८७ साली 'रामायण' लागलं की टीव्हीला हार, उदबत्ती आणि अख्खी गल्ली सतरंजीवर.

प्यायला माठातलं पाणी! हां, तिथं जरा अडचण आहे. ब्रुअरी काढायची तर लिटरभर बिअरला चार-पाच लिटर पाणी लागतं. एप्रिल २०१६च्या दुष्काळात लातूरला ते मिरजेहून रेल्वेने आलं, आणि त्याच महिन्यात औरंगाबादच्या मद्य कारखान्यांचं पाणी कापायला उच्च न्यायालयाच्या खंडपीठाला आदेश द्यावा लागला.

तरी हौस असेल तर मालिका तयार आहे: 'जलदूत', म्हणजे तीच पाण्याची रेल्वे. पहिला भाग दहा वाघिणींचा, पुढचे पन्नासांचे. चाहते घागरी घेऊन येतील. फक्त पाचाच्या वर जमू देऊ नका. तेव्हा पाण्याच्या टाक्यांपाशी कलम १४४ लागलं होतं.