उजवीकडे उभे राहा

धरमपेठेत कोणी प्रथमच विलायतेस निघाले की व्हिसाचा निकाल लागण्यापूर्वीच ती वार्ता गल्लीभर होते, आणि मुलाकडे तीन आठवडे लंडनला राहून आलेले, सेवानिवृत्तीपासून ज्यांच्या अधिकारवाणीस श्रोता म्हणून उरलेला नाही असे एक सद्गृहस्थ चहाच्या सुमारास त्या घरी दाखल होतात. त्यांचे अधिक वर्णन नको. आपल्याही गल्लीत एक आहेतच.

नळाचे पाणी बिनदिक्कत प्यावे, तिथल्या बसमध्ये 2014 पासून रोकड घेत नाहीत म्हणून बँकेचे कार्ड जवळ असू द्यावे, छत्री विसरू नये, हे खरोखर उपयोगाचे सल्ले ते एका दमात उरकतात. मग कप बशीत ठेवून, आवाज खाली आणून म्हणतात, "एक मात्र लिहून घ्या. भुयारी रेल्वेच्या सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभं राहायचं. डावी बाजू चालणाऱ्यांची."

एवढ्यावर भागत नाही. प्रात्यक्षिक होते. सतरंजीची लांब बाजू म्हणजे जिना असे कल्पून गृहस्थ तिच्या उजव्या काठावर उभे राहतात, उजवा हात अदृश्य कठड्यावर टेकवतात, पिशवी पोटाशी धरतात, आणि यजमानीणबाईंना डावीकडून चालत जाण्याची आज्ञा होते. गेल्या खेपेस त्या बापड्या चिवड्याच्या बशा घेऊन खरोखरच तशा गेल्या, तेव्हा "अस्सं!" म्हणून त्यांना शाबासकीही मिळाली. टोकियोस निघालेल्या एका तरुण इंजिनिअरलाही त्यांनी हाच गुरुमंत्र दिला. टोकियोत लोक डावीकडे उभे राहतात, उजवीकडे राहतात ते ओसाकात, असे त्याने अदबीने निदर्शनास आणले, तर "तुम्ही उजवीकडेच राहा, कोणी विचारलं तर सांगा लंडनला असंच आहे," असा निवाडा झाला.

हे सारे मी निमूट ऐकून घेतले असते. परंतु परवा बर्डीवर मेट्रोच्या सरकत्या जिन्यावर, साडीचा काठ सावरीत, एकमेकींचा हात घट्ट धरून दोघी म्हाताऱ्या जावा शेजारी-शेजारी उभ्या असता, ह्या गृहस्थांनी मागून त्यांना शिस्तीचे धडे दिले, आणि त्याच जिन्यावरून उतरून, त्याच बर्डीच्या रस्त्यावर, नो पार्किंगच्या पाटीला टेकवून फुटपाथवर आडवी लावलेली आपली स्कूटर काढून ते उलट्या दिशेने, अर्थातच उजवीकडून, निघून गेले! अहो महाराज, उजवीकडे उभे राहण्यास आधी उभे राहण्यापुरती जमीन लागते. आमच्या फुटपाथवर विजेची डीपी आहे, तोडलेल्या कडुलिंबाचा बुंधा आहे, कोणाच्या तरी दुकानाच्या पायऱ्या आहेत, कोणाच्या तरी पुतण्याच्या अभिनंदनाचा फलक आहे, आणि ह्या सर्वांतून जी वीतभर फरशी उरते तिच्यावर आपली स्कूटर आहे. ज्या गावाने 23 मे 2013 रोजी 47.9 अंश तापमान सोसले, त्या गावात भर दुपारी सत्तर वर्षांच्या माणसाने डांबरावर उतरून मोटारींच्या मधून जायचे, ते कोणत्या बाजूने, ह्याविषयी आपल्या तीन आठवड्यांच्या अनुभवात काही तरतूद आहे काय? लंडनला जाणाऱ्याची काळजी नको. तिथे त्याला हटकणारे पुष्कळ भेटतील. नागपूरला प्रथमच येणाऱ्यास आपण कोणता सल्ला देणार आहात, तेवढे सांगा.

राग आवरून मी एक माहिती मात्र त्यांच्या कानावर घातली. 2015 च्या अखेरीस लंडनमधल्याच होबर्न स्थानकात ह्या शिरस्त्याची परीक्षा झाली. जिना सुमारे 24 मीटर उंच. इतका चढ पायांनी चढणारे थोडे, म्हणून डावी बाजू बव्हंशी रिकामी सरकते आणि उजवीसाठी पायथ्याशी माणसे तुंबतात. तेव्हा तीन आठवडे प्रवाशांस दोन्ही बाजूंना उभे राहण्यास सांगण्यात आले, आणि तेवढ्याच वेळात अधिक माणसे वर पोहोचतात असे मोजणीअंती आढळले. लंडनकर मात्र संतापले, आणि पुढल्या वर्षी पुन्हा महिनोन्‌महिने प्रयोग होऊनही जुनी वहिवाट कायम राहिली.

गृहस्थांनी चष्मा काढून पुसला.

"आमच्या वेळी असलं काही नव्हतं," ते म्हणाले. त्यांची वेळ म्हणजे गेली दिवाळी.