रविवारी खिळा ठोकायचा नसतो

फ्रँकफुर्ट,
रविवार दुपार

तीर्थरूप आईस,


पाकीट बघून घाबरू नकोस. नोकरी चालू आहे, मुलं ठणठणीत आहेत, फोनही बिघडलेला नाही. आज रविवार आहे, एवढंच. इथे रविवारी दुकानं बंद आणि ठोकाठोकही बंद. गेल्या रविवारी मी हातोडीला पायमोजा घालून दोनच खिळे ठोकले. तिसरा भिंतीला लावतोय तोवर खालच्या मजल्यावरच्या आजी दारात हजर. रागावल्या नाहीत. हातात कॅलेंडर घेऊनच आल्या होत्या. रविवारच्या तारखेवर बोट ठेवलं आणि गेल्या. म्हणून आज हातोडी ठेवून पेन घेतलंय.

आता कबुली. नव्या घरात आल्यावर तू व्हिडिओ कॉलवर तीनदा म्हणालीस, "ओटा दाखव ना." तीनदा मी म्हणालो, नेट गेलं. नेट गेलं नव्हतं गं. ओटाच नव्हता.

इथे भाड्याचं घर म्हणजे पुष्कळदा स्वयंपाकघराच्या नावाखाली नुसती खोली. एका भिंतीतून नळाचं तोंड बाहेर आलेलं, दुसऱ्या भिंतीतून शेगडीची वायर. बाकी ओटा, सिंक, कपाटं ज्याची त्याने आणायची आणि जाताना ज्याची त्याने न्यायची. आमच्या आधीचा भाडेकरू सगळं ठेवून जायला तयार होता, 3,000 युरो मागत होता. तुझ्या सुनेने त्याचे रुपये केले आणि मटकन खाली बसली. खुर्ची नव्हती, फरशीवरच बसली. मग त्याने सगळं उचकटून नेलं. जाताना दिव्याचा बल्बही काढून नेला.

तेव्हा ठरलं की सिंक आणि शेगडी तेवढी जुनी विकत आणायची, बाकी घरच्या घरी करायचं. इथे लोक नको झालेल्या वस्तू फुटपाथवर ठेवतात, वर चिठ्ठी लावतात, 'त्सू फरशेंकन', म्हणजे फुकट न्या. अशी ड्रॉवरची दोन कपाटं मी आणि मोठ्या मुलाने रात्री उचलून आणली. हार्डवेअरच्या दुकानातून एक फळी मापात कापून घेतली आणि दोन्ही कपाटांवर टाकली. झाला ओटा. एक कपाट दुसऱ्यापेक्षा दोन बोटं बुटकं निघालं, त्याच्याखाली जर्मन व्याकरणाचं पुस्तक घातलंय. त्या पुस्तकाचा मला झालेला हा पहिला उपयोग.

मांडण्या मात्र मी अस्सल केल्या. वाइनच्या दुकानात लाकडी खोकी फुकट मिळाली. आधी जाडा पॉलिश पेपर, मग बारीक, असं घासून काढलं आणि जवसाचं तेल लावलं. जवस म्हटल्यावर तुझ्या तोंडाला पाणी सुटलं असेल, पण चटणीचं जवस वेगळं आणि हे वेगळं असं समज; वाळायला चार-पाच दिवस लागले आणि तोवर घरात घाण्यावर राहायला आल्यासारखं वाटत होतं. आणि बाबांना सांग, ह्या तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकायची नाहीत. तेल वाळताना गरम होतं, बोळा आपोआप पेटू शकतो. पसरून वाळत घालायची. तुझ्या सुनेने ती बाल्कनीत ओळीने लावली, तर खालच्या आजींनी विचारलं, "आज तुमचा सण आहे का?"

खोकी भिंतीला लावायची म्हणजे भोकं आली. आपल्याकडे बाबा भिंत खोदून लाकडी गिट्टी ठोकायचे, तशी इथे राखाडी नायलॉनची मिळते. ती आर्टुर फिशर नावाच्या इथल्याच एका माणसाने 1958 मध्ये काढली. ह्या गृहस्थांच्या नावावर 1,100 हून जास्त पेटंट होती. आमच्या घराचं प्लास्टर इतकं जुनं आहे की 6 चं भोक पाडायला गेलो तर 16 चं पडलं आणि गिट्टी आत जाऊन बसली. बाहेर येत नाही. घर सोडताना सगळी भोकं बुजवून द्यायची आहेत, त्यात तीही बुजेल.

आता मसाल्यांचं सांगतो, कारण ह्यात माझी खरी कर्तबगारी आहे. जॅमच्या आणि काकडीच्या लोणच्याच्या रिकाम्या बरण्या घ्यायच्या. लेबल कोमट पाण्यात भिजवून काढायचं. चिकटा राहिला तर खायचा सोडा आणि थोडं तेल चोळायचं, निघून जातो. मग नुसती झाकणं खोक्याच्या खालच्या बाजूला स्क्रूने पक्की करायची आणि बरणी खालून फिरवून बसवायची. बरण्या लटकलेल्या राहतात, ओटा मोकळा. स्क्रू मात्र दोन हवेत. मी पहिल्यांदा एकच मारला होता. बरणी फिरवली की झाकणही तिच्याबरोबर गरगर फिरायचं. हळद हवी म्हणून पाच मिनिटं फिरवत बसलो होतो. दुसरा धडा गोड्या मसाल्याने शिकवला. तो काकडीच्या झाकणाखाली महिनाभर राहिला आणि आमटीला व्हिनेगरचा वास येऊ लागला. धाकटीने सगळ्या बरण्यांवर मराठीत चिठ्ठ्या लावल्या आहेत: 'हळत', 'मोहरि', आणि एकीवर नुसतंच 'तिखट नको'.

आई, तुला आठवतं, लग्नानंतर आम्ही दोघांनी माळा आवरून तुझे बोर्नव्हिटाचे आणि बिस्किटांचे बत्तीस डबे भंगारात दिले होते? तू फक्त "लागले असते कधीतरी" म्हणालीस. परवा तुझी सून शेजारणीच्या कचऱ्याशेजारी उभी राहून एका बरणीकडे ज्या नजरेने बघत होती, ती मी ओळखली. तुझीच नजर होती. मी काही बोललो नाही. बरणी मीच उचलली.

सिंकखाली दारं नाहीत, तिथे तुझ्या जुन्या सुती इरकलीचा पडदा तारेवर लावलाय. नेसण्यासारखी राहिली नव्हती, काठ अजून झकास आहे. घरमालक बघायला आले तेव्हा त्यांना वाटलं आत देव आहेत. वाकून, आवाज खाली आणून नळाबद्दल विचारत होते.

पोळ्यांच्या मेणकापडाची गोष्ट तुझी सून सांगणार नाही, म्हणून मी सांगतो. सुती कापडावर मधमाश्यांचं मेण किसून पसरायचं, वर-खाली बेकिंगचा कागद ठेवायचा आणि इस्त्री फिरवायची. मेण कापडात मुरतं. चीज, कापलेलं फळ, पाव गुंडाळायला उत्तम. पण हे मेण साधारण 62 ते 64 अंशांना वितळतं, आणि तिने त्यात गुंडाळल्या तव्यावरून उतरलेल्या पोळ्या. मोठा म्हणाला, "आज पोळ्या चकचकीत आहेत." आता पोळ्यांना पूर्वीचंच धुतलेलं फडकं आहे आणि माझ्या ऑफिसच्या शर्टांना मधाचा वास येतो, कारण इस्त्री तीच.

गंमत म्हणजे आजच्या तयार ओट्याची सुरुवात ह्याच गावातून झाली असं मानतात. 1926 मध्ये मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की नावाच्या वास्तुकार बाईंनी इथल्या नव्या वसाहतींसाठी जेमतेम साडेसहा चौरस मीटरचं स्वयंपाकघर आखलं, बसल्या जागी सगळं हाताशी येईल असं. तशी सुमारे 10,000 बसवली गेली. रोमरश्टाट वसाहतीतल्या एका घरात ते संग्रहालय म्हणून जपलंय, आम्ही बघून आलो. तांदूळ, साखर, डाळींसाठी नावं घातलेले अॅल्युमिनियमचे खण, ओढायचे आणि थेट ओतायचे. पिठाचा खण तेवढा ओकच्या लाकडाचा, पिठात किडे होऊ नयेत म्हणून. तू गव्हात कडुनिंबाचा पाला घालतेस तसंच. तुझी सून त्या खणांसमोर वीस मिनिटं उभी होती आणि मला माझ्या बरण्यांची लाज वाटत होती. मग कळलं की हे सगळं आखलं तेव्हा आपण कधी स्वयंपाक केला नव्हता, असं त्या बाईंनीच पुढे सांगितलंय. हे बाबांना जरूर सांग. आपल्या घरातली फडताळं आखताना त्यांचीही तीच पात्रता होती.

खर्चाचं म्हणशील तर स्क्रू, गिट्ट्या आणि तेलाचे पैसे मुलांनीच उभे केले. इथे प्लास्टिकची रिकामी बाटली दुकानातल्या यंत्राला परत दिली की 25 सेंट मिळतात. दोघं शेजाऱ्यांच्या बाटल्याही मागून आणतात. खालच्या आजी हल्ली कॅलेंडरऐवजी बाटल्या घेऊन वर येतात.

मे महिन्यात याल तेव्हा ओटा दाखवतो. बाबांना नमस्कार.

तुझा,
सुतार झालेला मुलगा

ता. क. ओट्यावर लिंबू ठेवलं की आपोआप खिडकीकडे घरंगळत जातं. येताना बाबांची पाणसळ आण. इथेही मिळते, पण ती जर्मन. एकदा वाकडं म्हणाली की वाकडंच. बाबांची थोडं समजून घेते, आपल्या देवघराची फळी तिनेच पास केली होती. मोठ्या बॅगेत टाक, हातातल्या पिशवीत नको. विमानतळावर काढून घेतील.