बोका तुंबला की घड्याळ बघा

"देशी आहे हो, त्याला काय होतंय!" बोका पाळणाऱ्या घरात हे वाक्य कधी ना कधी बोललं जातंच. आमच्याही घरात बोललं गेलं.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमचा बोका बंड्या सकाळपासून मातीच्या ट्रेमध्ये जाऊन बसत होता. उकरायचा, पाठ वाकवायचा, जोर करायचा, उठायचा. पाच मिनिटांनी परत तेच. पोट साफ होत नसेल म्हणून मी चमचाभर तूप चाटवलं. दुपारी तो मोरीतल्या गार फरशीवर कुंथत बसला, मधेच शेपटीखाली चाटू लागला. रात्री उलटी झाली, तेव्हा धावपळ. डॉक्टरांनी त्याच्या पोटाला हात लावला, मग माझा हात धरून तिथेच टेकवला. आत मोसंबीएवढा टणक गोळा. "हे मूत्राशय आहे. सकाळी का नाही आणलंत?"

नळी, सलाइन, तीन दिवस दवाखाना. बंड्या वाचला. सकाळीच नेलं असतं तर त्याचे हाल कमी झाले असते आणि खर्चही.

म्हणून हे स्पष्ट लिहितो. बोक्याचा मूत्रमार्ग टोकाशी इतका अरुंद असतो की वाळूसारखे खडे आणि चिकट स्राव मिळून त्यात बूच बसतं. भाटीचा मार्ग आखूड आणि रुंद, त्यामुळे ती सहसा तुंबत नाही. बोका तुंबला की मूत्रपिंडं अडतात, रक्तात पोटॅशियम चढतं आणि हृदय बंद पडतं. एवढं व्हायला एक ते तीन दिवस पुरतात. माणसाचं दुखणं आपण आठवडाभर अंगावर काढतो, बोक्याला तेवढी सवड नसते.

आणि घरगुती डॉक्टरकी तर नकोच. पॅरासिटामॉल मांजराला विष आहे, आपली एक गोळी त्याचा जीव घेऊ शकते. पोट दाबून लघवी काढायला गेलात तर मूत्राशय फुटू शकतं. औषधाच्या दुकानातून आणलेलं अँटिबायोटिकही बहुतेक वेळा वाया जातं, कारण तरुण बोक्यांत जंतुसंसर्ग क्वचितच सापडतो. बऱ्याचदा मूत्राशयाला नुसती सूज असते आणि तिच्यामागे ताण असतो. घरात नवं मांजर येतं, भिंती फोडायचं काम निघतं, दिवाळीचे फटाके वाजतात आणि बोका लघवीला अडतो. लपायला एक पुठ्ठ्याचं खोकं, उंचावर बसायला एक फळी, एवढी सोय त्याला पुष्कळ आधार देते.

आता पैशांचं. काटकसर जरूर करा, पण ती पाण्याच्या जोरावर करा. मांजराचे पूर्वज वाळवंटातले. तहान कमी, लघवी घट्ट. त्यात कोरड्या दाण्यात पाणी असतं जेमतेम दहा टक्के, ओल्या खाण्यात पाऊण हिस्सा. रोज पाऊच परवडत नसतील तर दाण्यांत चार चमचे कोमट पाणी घाला. चिकन उकडलेलं पाणी द्या, मात्र त्यात मीठ, कांदा, लसूण अजिबात नको. पाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी ठेवा, ट्रेपासून आणि खाण्यापासून लांब. ट्रे रोज साफ करा. वजन वाढू देऊ नका. याला फारसा खर्च येत नाही. नुसत्या मासे-भातावर मात्र ठेवू नका. टॉरिन कमी पडलं की हृदय आणि डोळे दोन्ही जातात.

महागडं पथ्याचं खाणं आणण्याआधी लघवी तपासून घ्या. स्ट्रुव्हाइटचे खडे योग्य आहाराने काही आठवड्यांत विरघळतात, कॅल्शियम ऑक्झलेटचे विरघळत नाहीत. कोणता खडा आहे हे कळल्याशिवाय त्या खाण्याचं पोतं आणणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं.

दवाखान्यातही संकोच सोडा. "माझ्याकडे इतकेच आहेत, आधी काय करायलाच हवं?" हे डॉक्टरांना सरळ विचारा. मुंबईत परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय एकोणिसाव्या शतकापासून जनावरांवर उपचार करतंय. शेजारीच पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. नागपूरला आणि सातारा जिल्ह्यात शिरवळलाही अशी महाविद्यालयं आहेत, जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने आहेत. आपल्या गावाजवळचं काय उघडं असतं, रात्री कोण बघतं, हे आजच विचारून फोन नंबर फ्रिजवर चिकटवा. आणि महिन्याला जमेल तेवढे शे-दोनशे बंड्याच्या नावाने डब्यात टाका. आम्ही आता टाकतो.

शेवटचं. ट्रेमधले ओले गोळे रोज मोजा. आमच्याकडे दोन किंवा तीन निघतात. ज्या दिवशी बोका वारंवार बसतोय आणि एकही ओला गोळा नाही, किंवा नुसते रक्ताचे थेंब आहेत, त्या दिवशी तुपाचा डबा उघडू नका. उद्याची वाट बघू नका. टोपलीत घाला आणि निघा.