मेतकूट जमताना

बायकोच्या बचत गटाचं मेतकूट दुकानात ठेवायला नाक्यावरचा दुकानदार तयार झाला, पण डब्यावर बारकोडचं लेबल हवं, ही त्याची अट. म्हणून घरात एक लेबल प्रिंटर आला आणि निवृत्तीनंतर मोकळाच असलेला मी त्याच्यापुढे विद्यार्थी होऊन बसलो. त्याची भाषा झेडपीएल, म्हणजे झेब्रा प्रोग्रामिंग लँग्वेज. माझं सगळं शिक्षण झेडपीच्या शाळेत झालेलं, त्यामुळे नाव ऐकताच माहेरचं कुणी भेटल्यासारखं वाटलं. पुढचा 'एल' तेवढा अवघड निघाला.

या भाषेत जवळजवळ प्रत्येक आज्ञेच्या डोक्यावर एक इवलीशी टोपी असते. जुन्या पोथ्यांत सुटलेलं अक्षर घालायला लेखनिक काहीसं असंच चिन्ह काढत. त्याला हंसपद म्हणत. इथे ओळीओळीवर हंस चालून गेलेले. एक्सए म्हणजे लेबल सुरू, एक्सझेड म्हणजे संपलं. मधे एफओ सांगतो कुठे, एफडी सांगतो काय, आणि एफएस म्हणजे एवढंच. पहिल्या दिवशी मी शेवटचा एक्सझेड विसरलो. प्रिंटर रागावला नाही, कुरकुरला नाही. नुसता थांबून राहिला. मला आई आठवली. मामाचं पत्र मी वाचून दाखवायचो, तेव्हा 'कळावे' येईपर्यंत ती दाराच्या चौकटीला टेकून अशीच उभी असायची. मजकूर संपला तरी तिच्या लेखी पत्र संपलेलं नसे.

मग ठिपके आले. आमच्या प्रिंटरच्या हिशेबात एका मिलिमीटरला 8 ठिपके. म्हणजे 50 बाय 25 मिलिमीटरचं आमचं लेबल हे 400 बाय 200 ठिपक्यांचं अंगण. मोजायला सुरुवात डावीकडच्या वरच्या कोपऱ्यातून. शाळेतल्या आलेखात वाय वर चढायचा. इथे तो विहिरीत सोडलेल्या पोहऱ्यासारखा खाली खाली जातो. शाईचा तर पत्ताच नाही. यंत्राचं डोकं तापतं आणि त्या उष्णतेने कागदावर काळं उमटतं. डोकं तापल्यावाचून अक्षर उमटत नाही, हा अनुभव मला नवा नव्हता.

पण त्याला मराठी येईना. 'मेतकूट' पाठवलं की तो भलतीच चिन्हं काढून मोकळा होई. शेवटी उपाय सापडला तो असा, की शब्द शब्द म्हणून द्यायचाच नाही, त्याचं चित्र करायचं आणि कुठला ठिपका काळा, कुठला कोरा, एवढंच कळवायचं. तसं केलं, आणि मात्रा-उकारांसकट 'मेतकूट' सुरेख उतरलं. आजी अगदी अशीच होती. तिला अक्षर येत नव्हतं, पण ठिपके मोजून ती रांगोळीत काहीही उतरवायची. एका दिवाळीला मी पाटीवर लिहून दिलेलं 'शुभ' तिने उंबऱ्याशी इतकं रेखीव काढलं, की पोस्टमनने थांबून विचारलं, "आजी, कितवीपर्यंत शिकलात?"

खुद्द बारकोडचं मूळही जमिनीवर बोटांनीच काढलेलं. नॉर्मन जोसेफ वुडलँड या अमेरिकन तरुणाला मोर्सची लिपी येत होती. 1949 च्या सुमारास मायामीच्या किनाऱ्यावर बसल्या बसल्या त्याने वाळूत बोटं ओढली आणि मोर्सचे ठिपके-रेघा खाली लांबवल्या, तर जाडबारीक उभ्या रेघा तयार झाल्या. दुकानात त्या वाचल्या जायला 1974 साल उजाडलं. ओहायोतल्या ट्रॉय गावी पहिल्यांदा वाचलं गेलं ते च्युइंगगमचं पाकीट. रांगोळी पुसायच्या आत पाहावी लागते. ही पंचवीस वर्षं थांबली.

डबे होते 12. किती प्रती हे सांगणाऱ्या पीक्यूपुढे माझ्या हातून 120 पडलं. पाठ म्हणणाऱ्या पोराला मधेच थांबवू नये, तसा मी बघत राहिलो. तीन मीटरांहून लांब पट्टी जमिनीवर वेटोळं घालून बसली. बायकोने 12 लेबलं वेगळी केली, उरलेली मोजली आणि शांतपणे म्हणाली, "अहो, बरोबर 108 उरली. आता जप करा."

त्या रात्री आजीच्या फडताळाची फार आठवण आली. तिच्या बरण्यांना लेबलं नव्हती, खुणा होत्या. मेतकुटाच्या बरणीला लाल दोरा, भाजणीच्या झाकणाला चुन्याचं बोट, सांडगी मिरचीच्या दादऱ्याला दुहेरी गाठ. ती भाषा घरात कुणी शिकून घेतली नाही. शिकायचं असतं हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. ती गेल्यावर आम्ही एकेक बरणी उघडून, वास घेऊन ओळखत बसलो. मेतकुटाच्या बरणीशी आई बराच वेळ थांबली होती.

परवा 12 डबे दुकानात गेले. घरच्यासाठी एक बरणी ठेवली आहे. 108 लेबलं खणात असूनही बायकोने तिला लाल दोरा बांधला आहे.